रानमोडी उपटायची की पडीक जमीन कसायची?

सडेकर (राजापूर)
स्पष्टच लिहितो, मग खुशाल तुटून पडा. कोकणात रानमोडी, म्हणजे बाहेरून आलेलं आणि झपाट्याने माजणारं झुडूप, हटवण्याच्या मोहिमा निघतात, त्यांत फोटो छान येतात आणि पुढच्या पावसाळ्यात रानमोडी परत कमरेएवढी होते. मूळ दुखणं पडीक जमिनीचं आहे. ते सोडून झाडाच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

अशा परदेशी तणांचं देशभरचं चित्र मला माहीत आहे. घाणेरी (टणटणी) १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली, लोकांनी ती कुंपणाला लावली, पाखरांनी फळं खाऊन बिया रानोमाळ नेल्या. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडलं की वाघांच्या मुलखातल्या १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त भागात, घाणेरी पसरली आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं आणि बघता बघता देशभर झालं.

पण आपल्याकडे काय दिसतं? रानमोडीला ऊन लागतं. दाट देवराईत ती कडेकडेने उभी असते, आत शिरत नाही. माजते ती सोडून दिलेल्या वरकसात, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत. नाचणी-वरी बंद झाली, गुरं विकली, कवळ (राबासाठीचा फांद्या-पाला) तोडायला माणूस नाही. सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, त्यातली निम्मी विरार-डोंबिवलीत. एकाने कोयता घातला तर दुसरा फोन करून विचारतो, कुणाला विचारून? अशा जमिनीत रानमोडी नाही येणार तर काय येणार?

दापोलीकर
सडेकर, कारण आणि परिणाम तुम्ही उलटे लावलेत. वरकस पडीक पडलं म्हणून रानमोडी आली हे काही ठिकाणी खरं. पण महामार्ग रुंद करताना उकरलेल्या दरडी, बंद पडलेल्या चिरेखाणी, विजेच्या लायनीखालचे साफ केलेले पट्टे इथे कोण शेती करत होतं? तिथेही तीच आहे. बी केसाळ आणि हलकं, वाऱ्यावर जातं, कपड्यांना, गुरांच्या अंगाला चिकटून जातं. एकदा बसली की गुरं तोंड लावत नाहीत. म्हणजे चराऊ रान गेलं, मग गुरं विकली. गुरं आधी गेली असं तुम्ही म्हणता, आमच्या भागात रान आधी गेलं.

आणि वणवा? फेब्रुवारीनंतर ती वाळून कडकडीत होते. तिच्यातून गेलेली आग नुसत्या गवतातून जाणाऱ्या आगीपेक्षा उंच चढते. कलमांची बाग खाक होते, ऐन-किंजळाची रोपं मरतात, आणि हिचा बुंधा मात्र पहिल्या पावसात फुटतो. सातबारा फोड होईपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे रान संपेपर्यंत थांबा म्हणणं.

काजूवाला (वेंगुर्ला)
या 'परदेशी' प्रकरणाची मला मजा वाटते. काजू कुठला? ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. मिरची, पपई, अननस सगळी अमेरिकेची. भाताच्या बांधावरचं गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं, त्याचा पाला आपण खत म्हणून मळ्यात घालतो. उद्या तेही उपटायला याल. ज्याला भाव आहे तो आपला आणि ज्याला नाही तो घुसखोर, एवढाच तुमचा हिशोब.

दापोलीकर
@काजूवाला, असं कुणीही म्हणत नाही. जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाचा २०२३ चा अहवाल आहे. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांवर जाती, त्यातल्या घातक साडेतीन हजारांहून थोड्या जास्त. म्हणजे दहातली एकसुद्धा नाही. आपला वाद त्या एकीशी आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने अशा जातींची व्याख्या आली आणि त्यांची आयात, विक्री, प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. त्यातही नुसतं परदेशी असून भागत नाही, धोका असावा लागतो. तामिळनाडूने त्याच वर्षी स्वतंत्र धोरण केलं. महाराष्ट्राने निदान तेवढं करावं.

सडेकर
तामिळनाडूत ज्या जंगलांबद्दल हे चाललंय ती बरीचशी सरकारी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रान बहुतांशी खासगी मालकीचं. वन खात्याला तुमच्या सामाईक डोंगरात उतरवणार कसं? आणि काजूवाल्यांना एक विचारायचं राहिलं. डोंगरच्या डोंगर साफ करून एकच काजू लावला, त्यात गेलेल्या झाडांचा हिशोब कोण देणार? तिथे रानमोडीने काही केलेलं नाही, मशीनच्या करवतीने केलंय.

काजूवाला (वेंगुर्ला)
काजू लावला म्हणून पोरं गावात राहिली. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे जमीन कसली, पडीक ठेवली नाही. आता तेही चुकलं?

बाबलो
येवडा लिवतास, पन कोयतो कोनी घेतलो? माज्या बागेत येवा. च्याय देतंय.

किनाऱ्यावरची (श्रीवर्धन)
सगळे रानमोडीवरच अडकलात. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो सरकारने लावला. १८६८ मध्ये शेजारी कारवारला लागवड झाली, पुढे आपल्या पुळणींवरही (वाळूच्या किनाऱ्यांवर) बनं उभी राहिली. लोक सहलीला येतात, छान म्हणतात. खाली सुयांचा थर, त्यात दुसरं काही रुजत नाही. पुळणीवर मर्यादवेल असते, मागे केवडा, उंडी, करंज. वाळू धरून ठेवायला ही मंडळी होतीच की. भरतीरेषेच्या फार जवळ सुरू लावला तर ऑलिव्ह रिडले कासवांना अंडी घालायची मोकळी वाळूही उरत नाही.

मुरुडकर
ताई, वारा कोण अडवणार? सुरू वाढतो झपाट्याने, खारं वारं सोसतो. उंडी मोठी होईपर्यंत वाडीतल्या सुपाऱ्या टिकायला हव्यात ना.

किनाऱ्यावरची (श्रीवर्धन)
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच इथे किनाऱ्यावर चढलं. सुपाऱ्या वाचल्या का, ते दिवेआगरला विचारा. सुरू एका दिवसात तोडा असं मी म्हणत नाही. पडलेल्या सुरूच्या जागी पुन्हा सुरूच का, एवढंच विचारते.

(आणि सड्यांवरचं, म्हणजे कातळी पठारांवरचं, आकेशियाचं झाड? सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली लावलेलं. चार महिने फुलांनी भरणारा कातळसडा कागदावर 'ओसाड' असतो, म्हणून तिथे खड्डे मारायचे. यावर वेगळं भांडायला हवं.)

कीटकवेडा
हाताने उपटून देश साफ होत नसतो. फड्या निवडुंग आठवतो का? दक्षिणेत शेतंच्या शेतं गिळली होती त्याने. १९२६ मध्ये श्रीलंकेहून कोचिनीलच्या जातीचा एक कीटक आणला आणि काही वर्षांत निवडुंग आटोक्यात आला. मजूर नाही, फवारा नाही.

दापोलीकर
यशाची गोष्ट सगळे सांगतात. घाणेरीसाठी १९४१ मध्ये कीटक आणलाच होता, घाणेरी अजून मजेत आहे. गाजर गवतावर १९८४ मध्ये मेक्सिकन भुंगे सोडले. पावसाळ्यात पानं चाळणी करतात, पण गवत संपलं का? पुण्यात जाऊन बघा. कीटक हवेतच, पण त्यांच्यावर सोडून झोपता येणार नाही.

सडेकर
म्हणजे फिरून माणसांवर आलो. मी तेच म्हणत होतो.

दापोलीकर
माणसं लागतात हे कबूल, कसणारीच लागतात हे नाही. फुलायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत, दर वर्षी रानमोडी काढली की नवं बी पडत नाही. आधीच्या बियांतून रोपं येत राहतात, म्हणून लागोपाठ काही वर्षं करावं लागतं. तुम्ही म्हणता त्या मोहिमा फसतात कारण त्या जानेवारीत निघतात. तेव्हा ती फुला-बियांवर असते आणि लोक कापून ओढत नेतात ते बी पेरत.

सडेकर
आणि नोव्हेंबरात भातकापणी-झोडणी असते. मजूर मिळतो का? सामाईक जमिनीत मजुरी कोण देणार, मोठा भाऊ की विरारचा? ग्रामसभेत ठराव करा म्हणाल. करू. सहीला सगळी नावं एकत्र येणार कधी? गणपतीत.

दापोलीकर
मग गणपतीतच काढा की. माती ओली असते, रोपं मुळासकट हाताने येतात.

बाबलो
रोपां येतत. जुनो बुंदो येना नाय. तेका टिकाव लागता, आनि टिकाव मारूक मुंबैकर येना नाय, तो भजनाक बसता.

सडेकर
बाबल्या, गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी, भजन नसतं. तुझ्या बागेपासून सुरू करू. टिकाव किती आहेत ते सांग.