मुलगी पेनसिल्व्हेनियात मतदान केंद्रावर ड्युटीला बसणार आहे. अडवू का?

घंटाळीकर (ठाणे), ३० ऑक्टोबर २०२४

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. मुलगी आणि जावई पिट्सबर्गला असतात. मुलीला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदासाठीचं हे तिचं पहिलंच मतदान. त्याचा आनंद आहेच. पण परवा वसुबारसेला फोनवर बोलता बोलता तिने सांगितलं की ५ नोव्हेंबरला ती मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून काम करणार आहे. नाव दिलं, प्रशिक्षणही झालं. केंद्र एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आहे. पहाटे सहाला हजर व्हायचं आणि रात्री सगळं आवरेपर्यंत थांबायचं.

तेव्हापासून मला धड झोप नाही. १३ जुलैला ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला ते बटलर तिच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. बायको-मुलींबरोबर सभेला आलेला एक माणूस त्यात गेला. १५ सप्टेंबरला फ्लोरिडात ते खेळत होते त्या गोल्फच्या मैदानाशी बंदूकवाला सापडला. सोमवारी पोर्टलंडला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला मतपत्रिका टाकायच्या पेट्या पेटवून दिल्या. आणि ६ जानेवारी २०२१ ला संसदेच्या इमारतीत घुसलेला जमाव तर आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिला.

माझ्या भीतीला आणखी एक कारण आहे. २०१८ मध्ये ती स्क्विरल हिल भागात भाड्याने राहत होती. २७ ऑक्टोबरला तिथल्या सिनेगॉगमध्ये एकाने अकरा जणांना मारलं. रात्री बातम्यांत तिच्या वस्तीचं नाव ऐकलं आणि तिचा फोन लागेना. लागेपर्यंत आमचं काय झालं ते सांगता येत नाही. तो हल्ला ज्यूंच्या द्वेषातून झाला होता, निवडणुकीचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मला कळतं. पण प्रार्थनेच्या जागी बंदूक घेऊन माणूस शिरू शकतो हे तेव्हाच मनात बसलं, आणि आता ही चर्चच्या तळघरात बसणार.

घरातही दोन तट पडलेत. माझे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात, ते ट्रम्प यांच्या बाजूचे. मुलगी हॅरिस यांच्या. गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरती झाल्यावर दोघांचं कडाक्याचं वाजलं. काका तिला "तुला इथे येऊन किती दिवस झाले" असं म्हणाले, तिने कॉल बंद केला. तेव्हापासून दोघं बोललेले नाहीत. सख्ख्या काका-पुतणीत हे होत असेल, तर अनोळखी माणसं त्या टेबलापाशी कशी वागतील?

तिथे केंद्रावर पोलीस असतात का? कोणी हे काम केलंय का? आणि आई म्हणून मी तिला नको म्हणावं का? कृपया मोकळेपणाने सांगा.

ऐरोलीकर

ताई, माझं मत विचाराल तर नको म्हणा.

मुलगा अटलांटाला आहे म्हणून तिथली गोष्ट नीट माहीत आहे. २०२० ला तिथल्या मतमोजणीत रुबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकी काम करत होत्या. आई तर तेवढ्यापुरती लागलेली. त्यांचा व्हिडिओ काढून ट्रम्प यांचे वकील जुलियानी यांनी त्यांच्यावर मतं घुसडल्याचा खोटा आरोप केला. धमक्या इतक्या आल्या की आईला एफबीआयच्या सांगण्यावरून घर सोडावं लागलं. पुढे कोर्टात जिंकल्या, डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई ठरवली. पण गेलेली शांत झोप पैशांनी येते का?

आपली मुलं तिकडे नोकरी-संसार करायला गेलीत. मत द्यावं, घरी यावं. ज्यांचा देश आहे ते बघून घेतील.

कळवा ते फिली

काकू, मी मूळची कळव्याची. फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते आणि हेच काम करत आले आहे, याही मंगळवारी करणार आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ऐरोलीकर काकांना. तुमची काळजी समजते, पण ती आता नागरिक आहे. ज्यांचा देश आहे त्यांतलीच ती एक.

आता केंद्राचं. इथे आपल्यासारखा देशभराचा एक निवडणूक आयोग सगळं चालवत नाही. काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा, चालवते, आणि केंद्रावरची माणसं त्याच वस्तीतली असतात. प्रमुख असतो तो जज ऑफ इलेक्शन, म्हणजे आपला केंद्राध्यक्ष. त्याला वस्तीतले लोकच निवडून देतात. त्याच्या हाताखाली दोन इन्स्पेक्टर, एक जास्त मतं मिळवलेल्या बाजूचा आणि एक दुसऱ्या बाजूचा, म्हणजे टेबलावर बहुधा दोन्ही पक्षांची माणसं शेजारी शेजारी असतात. माझ्या शेजारी जे गृहस्थ बसतात त्यांच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी आहे. दिवसभर आम्ही एकमेकांच्या याद्या तपासतो, दुपारी त्यांच्या बायकोने पाठवलेलं सूप मीही पिते. तिथे राजकारण बोलायचं नाही हा नियम आहे आणि तो पाळला जातो.

पोलिसांचं ऐकून तुम्ही दचकाल. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने पोलिसाने केंद्रापासून १०० फूट लांब राहायचं असतं. स्वतःचं मत द्यायला किंवा केंद्रावरून बोलावलं तरच जवळ यायचं. गणवेश बघून मतदार बिचकू नये हा हेतू. शांतता राखायला निवडून आलेला कॉन्स्टेबल असतो (तो पोलीस खात्यातला नव्हे), आणि फोन केला की पोलीस येतात. प्रचारवाल्यांना मात्र १० फुटांबाहेर उभं राहायची मुभा आहे. आपल्याकडच्या १०० मीटरची सवय असलेल्याला ते फार जवळ वाटतं. पहिल्या वेळी मलाही वाटलं होतं.

बंदुकीबद्दल खोटा दिलासा देत नाही. शाळेत केंद्र असेल तर बंदुकीला मनाई आहे, चर्चच्या हॉलला कायद्याने तशी सरसकट मनाई नाही. पण मतदाराला धमकावणं गुन्हा आहे, आणि जज ऑफ इलेक्शन अशा माणसाला बाहेर काढायला लावू शकतो.

धोका कुठे जास्त, तेही सांगते. २०२० ला आमच्याकडे जो ताण होता तो मतदानाच्या दिवसापेक्षा नंतरच्या मोजणीवर होता. इथे टपालाने आलेली मतं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडताच येत नाहीत. त्यामुळे मोजणी रेंगाळते, आणि रात्री पुढे असलेला उमेदवार सकाळी मागे पडला की अफवा उठतात. तेव्हा मतदान ३ नोव्हेंबरला झालं आणि निकाल कळला ७ तारखेला. मधल्या दिवसांत व्हर्जिनियाहून बंदुका घेऊन आलेल्या दोघांना मोजणी चालू होती त्या फिलाडेल्फियाच्या कन्व्हेन्शन सेंटरजवळ पकडलं. शहराचे निवडणूक आयुक्त अल श्मिट स्वतः रिपब्लिकन, पण घोटाळा झाला नाही म्हणाले म्हणून ट्रम्प यांनी त्यांचं नाव घेऊन ट्वीट केलं आणि त्यांच्या बायकामुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. ते पळून गेले नाहीत. आज तेच राज्याचे सेक्रेटरी आहेत आणि या वेळची निवडणूक त्यांच्याच देखरेखीखाली होते आहे.

तुमची मुलगी मोजणी केंद्रात नाही, वस्तीतल्या केंद्रात आहे. रांगेतले बरेचसे तिच्या दुकानात, लायब्ररीत भेटणारे लोक असतील. तिला अडवू नका. एवढंच सांगा: केंद्राचं नाव आणि ओळखपत्र दिसेल असा फोटो कुठेही टाकू नकोस, गाडी उजेडात लाव, आणि रात्री एकटी बाहेर पडू नकोस. अटलांटाच्या मायलेकींना त्रास झाला तो व्हिडिओतून ओळख पटल्यामुळे, म्हणून फोटोचं आवर्जून सांगते.

घंटाळीकर

फार आभार. तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते ऐकून म्हणाले, "तू ९१ ला काय केलं होतंस?"

सांगते. १९९१ च्या लोकसभेला माझी ड्युटी भिवंडीला लागली होती. २१ मेला राजीव गांधींची हत्या झाली, मतदान पुढे ढकललं, जूनमध्ये झालं. वातावरण असं की संध्याकाळनंतर लोक बाहेर पडायला घाबरायचे. भिवंडीत तर ८४ ची दंगल कोणी विसरलं नव्हतं. माझे वडील म्हणाले, आजारपणाचं सर्टिफिकेट आण आणि ड्युटी रद्द करून घे. मुलगी तेव्हा वर्षाची होती. तिला सासूबाईंकडे ठेवलं आणि गेले. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेतलं, मतपेट्या, शिक्के, शाई, आणि रात्री केंद्रावरच सतरंजीवर झोपलो. सकाळी पावसात रांग लागली. बुरख्यातल्या बायका, कारखान्यातले यंत्रमाग कामगार, सगळे. शाई मी लावत होते. सगळं सुरळीत पार पडलं. पेट्या जमा करून घरी आले तेव्हा पहाट झाली होती.

फरक इतकाच की मला सरकारी आदेश होता, ड्युटी टाळली तर कारवाई झाली असती. हिला कोणी आदेश दिलेला नाही. ती आपणहून चालली आहे. हे मनात आलं आणि नको म्हणायचा माझा धीर गेला. भीती मात्र गेलेली नाही. फोटोचं आणि गाडीचं तिला आजच सांगते.

ऐरोलीकर भाऊ, तुमच्या बोलण्याचा राग नाही. तुमचंही मूल तिकडेच आहे.

खारघर सेक्टर १२

ताई, मला तुमच्या दिरांबद्दल बोलायचं आहे. माझं सासर लोकमान्यनगरचं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमच्याकडे मोठे दीर एका बाजूला आणि माझा नवरा दुसऱ्या. बाबांच्या वर्षश्राद्धाला दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत पान मांडून घेतलं. आता २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आहे, पुन्हा तेच सुरू झालंय.

आमच्याकडे कोंडी फुटली ती सासूबाईंमुळे. त्यांनी कोणालाही समजावलं नाही. त्या म्हणाल्या, मला दवाखान्यात न्यायचंय, दोघंही या. मग रिक्षात शेजारी बसावंच लागलं. मतं आजही तीच आहेत दोघांची, पण आता फोन करतात.

तुमच्या दिरांना पुतणी केंद्रावर बसणार हे माहीत आहे का? नसेल तर कळवा. राजकारणाचं काही बोलू नका. "पोर पहाटेपासून रात्रीपर्यंत केंद्रावर असणार, मला घोर लागलाय, तुम्ही तिकडच्या वेळेला जागे असता, जरा लक्ष ठेवा" एवढंच. माणूस ट्रम्प यांचा असो नाहीतर हॅरिस यांचा, तो काका आहे.

ऐरोलीकर

खारघरच्या ताईंचं पटलं. माझं मत मी मागे घेत नाही, मला तो धोका मोठा वाटतो. पण ती जाणारच असेल तर काकाला सांगाच. मुलगा म्हणतो, मतदारांना अडचण आली तर मदत करणाऱ्या हेल्पलाइन तिकडे आहेत. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचा नंबरही तिने कागदावर लिहून ठेवावा, फोनची बॅटरी संपू शकते.

घंटाळीकर

दिरांना आत्ताच मेसेज केला, खारघरच्या ताईंनी लिहिलं तसाच. त्यांनी वाचलाय, उत्तर अजून नाही. तिकडे सकाळ आहे, ऑफिसच्या गडबडीत असतील.

फिलीच्या ताई, एक शेवटचं विचारते. त्या दिवशी तिचा फोन साधारण कधी येईल?

कळवा ते फिली

काकू, रविवारी भाऊबीजेला इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे मंगळवारी आपल्यात साडेदहा तासांचा फरक असेल. केंद्र सकाळी सातला उघडतं, तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच. बंद होतं रात्री आठला, म्हणजे तुमच्याकडे बुधवारी सकाळचे साडेसहा. टेबलावर फोन वापरत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एक मेसेज टाकायला सांगा, तो तुम्हाला रात्री अकरा-साडेअकराच्या आसपास मिळेल. तो आला की झोपा.

आठ वाजता रांगेत जे उभे असतील त्या सगळ्यांना मत देऊ द्यावं लागतं. मग आकडे जुळवायचे, सह्या, सील, निकालाचा कागद दाराला लावायचा. यात सहज दीड-दोन तास जातात. त्यामुळे बुधवारी सकाळी साडेआठ-नऊपर्यंत फोन आला नाही तरी घाबरू नका आणि तोवर टीव्ही लावू नका. मी बहुधा तिच्याआधी मोकळी होईन. इथेच लिहीन.