मदत हवी आहे: ज्येष्ठ सहकाऱ्यांचा काटेकोरपणाच कामाला अडसर ठरू लागला आहे

नमस्कार.

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागाचे काम पाहतो. विभागातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंविषयी मला अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाच्या एका खेपेच्या उत्पादनाच्या सर्व नोंदी, कसे तपासावे हे मला त्यांनीच शिकवले आणि त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही, असा त्यांचा लौकिक आहे. अडचण नेमकी याच गुणातून उभी राहिली आहे.

रेकॉर्ड तपासून झाल्याशिवाय माल बाजारात जात नाही. एखाद्या नोंदीत ७ हा आकडा १ सारखा दिसत असेल, तर ते रेकॉर्ड परत पाठवणे योग्यच, कारण तिथे वजन किंवा तापमान चुकीचे वाचले जाऊ शकते. परंतु सही रकान्याच्या रेषेबाहेर गेली, तरीही बाई ते तितक्याच कडकपणे परत पाठवतात. यंदा चतुर्थीच्या सुट्टीआधी रेकॉर्ड असेच साचले आणि माल सुट्टीनंतर निघाला.

उशीर एक वेळ भरून काढता येईल. मला खरी काळजी आहे ती इतरांच्या बदलत चाललेल्या सवयींची. ‘बाई पाहतीलच’ या भरवशावर तरुण तपासनीस रेकॉर्ड वरवर चाळून पुढे सरकवू लागले आहेत, आणि यंत्रावरील कामगार एखादे डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून फारकत) झाल्यास, प्रश्नांची सरबत्ती होईल या धास्तीने, ते लगेच न कळवता पाळी संपेपर्यंत थांबतात. औषध निर्धोक असावे म्हणून बाई जीव तोडून काम करतात आणि धोका नेमका तिथेच वाढतो आहे.

अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या मॉर्गन मॅकॉल आणि मायकल लोम्बार्डो यांनी १९८३ मध्ये, चढत्या वाटेवर अडखळलेल्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासातून, पूर्वी उपयोगी पडलेले गुणच पुढे नडतात असे दाखवले होते. हे निदान मला पटते. पण ज्यांच्या हाताखाली आपण शिकलो, त्यांना ते सांगावे कसे, हे मात्र सुचत नाही.

‘थोडे सैल सोडा’ असे मी म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. २०२३ च्या अखेरीस अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमनंतर (औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीचे भारतातील नियम) तर तशी सवलत मनातही आणता येत नाही. मात्र जोखीम जितकी मोठी तितके श्रम घ्यावेत, असे औषधांच्या गुणवत्तेतील जोखीम हाताळण्याविषयीचे आयसीएच क्यू९ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व सांगते. त्या आधारे वजन, तापमान, वेळ आणि लेबलांचा हिशेब बाईंनी स्वतः तपासावा आणि उरलेल्या नोंदींची जबाबदारी तरुणांनी आपल्या सहीनिशी घ्यावी, असे सुचवण्याचा माझा विचार आहे. आपले अधिकार काढून घेतले जात आहेत असे त्यांना वाटले, तर त्या मनाने खचतील, आणि तसे होऊ नये अशी माझी कळकळ आहे.

अशी विभागणी कुणी आपल्या विभागात केली असल्यास ती कशी मांडली आणि पहिले काही महिने कसे गेले, हे कृपया सविस्तर लिहावे. हा विषय वार्षिक मूल्यांकनाच्या बैठकीत काढावा, की त्याआधी त्यांची वेगळी वेळ मागून बोलावे, याबद्दलही मार्गदर्शन करावे.