मदत हवी आहे: जिल्हा परिषद आणि संस्थेच्या नव्या करारात शाळेच्या बाजूनं काय लिहून घ्यावं?

नमस्कार. यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे, तिच्या शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काम करून घ्यायचं आहे, भांडण नको.

पटावर 38 पोरं. अर्धी गावातली, अर्धी पोडावरची (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती). ज्यांना परवडते त्यांची लेकरं सकाळी ऑटोत बसून कॉन्व्हेंटला जातात. तिथं काय शिकवतात ते गळ्यातला टाय पाहून कळत नाही, पण ऑटो रोज येतो हे खरं. आमच्याकडं दोन पदं मंजूर, एक रिक्त. आहेत ते गुरुजी चांगले आहेत, पण पाचही वर्ग त्यांनीच घ्यायचे, खिचडीचा हिशेब त्यांनीच ठेवायचा, ऑनलाइन माहिती त्यांनीच भरायची. वरून बीएलओ (मतदार यादीचं काम) पण तेच.

तीन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेनं बाहेरच्या एका संस्थेशी करार केला, तालुक्यातल्या मागं पडलेल्या शाळा वर काढायला. पहिल्या वर्षी भिंती रंगल्या, टीव्ही आला (लाईन असली की चालतो). दुसऱ्या वर्षी मात्र खरं काम झालं. संस्थेची एक मुलगी दर आठवड्याला यायची. तिनं आणि तेव्हाच्या मॅडमनी पोरांना इयत्ता न पाहता वाचनाप्रमाणं बसवलं: अक्षरवाले वेगळे, शब्दवाले वेगळे, परिच्छेदवाले वेगळे. चौथीतली जी पोरं जोडाक्षर आलं की थांबायची, ती उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गोष्ट वाचून दाखवू लागली. दोन घरांनी कॉन्व्हेंटमधून पोरं परत आणून आमच्या शाळेत घातली.

मग मॅडमची बदली झाली. आमची शाळा अवघड क्षेत्रात येते, तिथं तीन वर्षं झाली की बदलीचा हक्क मिळतो. त्यांनी तो घेतला, यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, आणि ती पद्धत त्यांच्यासोबतच गेली. संस्थेची मुलगी आली तरी वर्गात तिला साथ द्यायला माणूस नव्हता.

आता जुना करार संपतो आहे, नवा होणार आहे. गटशिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, समितीला काही सुचवायचं असेल तर लेखी द्या. जुना करार मी मोबाइलवर वाचला. संस्थेनं काय काय करायचं त्याची पानंच्या पानं आहेत. जिल्हा परिषदेनं काय करायचं? तर "आवश्यक ते सहकार्य करील". एवढंच!

संस्था करारानं बांधली गेली, मग जिल्ह्याला कोण बांधणार? शिक्षकाची बदली थांबवा असं करारात लिहून घेता येते का? आणि कराराच्या बैठकीत समितीला बसता येते का? ज्यांच्या शाळेत असं काही झालं असेल त्यांनी सांगावं.

प्रतिसाद – वखरवाला

ताई, आमच्याकडं बी असंच झालं. आले, रंग मारला, पोट्ट्यांसंगं फोटो काढले, गेले. एका बैलानं वखर चालते काय? पण तुमच्या इथं वाचन सुधारलं ना, ते पहिले लेखी काढून ठेवा. कोणतं पोट्टं कुठं होतं आन कुठं पोचलं. नाहीतर साहेब म्हणतील, पुरावा कुठं हाय.

प्रतिसाद – निवृत्त केंद्रप्रमुख

बदली थांबवायचं कलम टाकू नका, टिकणार नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ग्रामविकास विभागाच्या राज्य धोरणानं ऑनलाइन होतात, जिल्ह्याचा करार त्याच्यावर चालत नाही. उलट एवढ्या एका मुद्द्यासाठी तुमचं सगळं पत्र बाजूला पडेल.

जे जिल्ह्याच्या हातात आहे ते मागा. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 26: शाळेतल्या मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिक्त ठेवायची नाहीत. दोन शिक्षकी शाळेत एक पद रिक्त म्हणजे 50 टक्के. करारातल्या शाळांची रिक्त पदं आधी भरू आणि तिथल्या शिक्षकांना दुसरीकडं प्रतिनियुक्तीवर पाठवणार नाही, ही दोन वाक्यं जिल्हा परिषदेच्या जबाबदारीत लिहून घ्या. नवीन शिक्षक रुजू झाला की पहिल्या महिन्यात त्याचं प्रशिक्षण, हेही. बीएलओचं मात्र सोडा. कलम 27 अशैक्षणिक कामाला मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक त्यातून वगळली आहे.

समितीला बैठकीत बसायचा थेट हक्क नाही. पण कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा तुमची समितीच करते आणि शासनाचं अनुदान त्याच आराखड्याच्या आधारावर ठरायला हवं. म्हणून मागण्या नुसत्या अर्जात लिहू नका. आराखड्यात घाला, समितीचा ठराव घ्या आणि त्याची प्रत जोडा. कराराची प्रतही मोबाइलवर पाहून भागणार नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत मिळायला हवी.

प्रतिसाद – पैनगंगाकाठ

पोरांना वाचनाप्रमाणं बसवायच्या तुमच्या त्या पद्धतीवर देशात बराच अभ्यास झालेला आहे, संस्थेला त्याबद्दल नक्की विचारा. बिहारमध्ये शाळेतल्या शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तेव्हा शाळेच्या वेळेत फारसा फरक पडला नाही. गावातले स्वयंसेवक जोडले तेव्हा पडला. हरयाणात 2012-13 मध्ये सरकारी शिक्षकांकडूनच करून घेतलं आणि जमलं. तिथं वाचनासाठी रोजचा एक तास वेगळा काढला होता. शिवाय शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस वर्गात त्याच पद्धतीनं शिकवलं होतं.

म्हणून करारात संस्थेच्या माणसाच्या भेटी मोजत बसू नका. आपल्या केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आधी स्वतः पंधरा-वीस दिवस पोरांना वाचायला शिकवावं आणि मग शाळांना भेटी द्याव्या, असं लिहा. मॅडम गेल्या तरी ज्याला ते येतं असा माणूस केंद्रात उरेल. साताऱ्याच्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे शाळांचा गट) नाव झालं तेव्हा गाड्या भरभरून गुरुजी बघायला जायचे. तिथंही बदल एका शाळेत नव्हता, अख्ख्या बीटमध्ये होता.

प्रतिसाद – निवृत्त केंद्रप्रमुख

पटलं. फक्त माझ्याकडं शेवटी दोन केंद्रांचा प्रभार होता, वीस दिवस कुठून काढले असते? त्या काळात केंद्रप्रमुखांची टपालाची (कार्यालयातल्या कागदपत्रांची) कामं दुसऱ्याकडं देण्याचा आदेश जिल्हा परिषदेच्या सीईओंच्या सहीनं निघाला तर होईल, एरवी ते कलम कागदावरच राहील.

प्रतिसाद – वखरवाला

पैशाचं एक. खाणीचा पट्टा हाय तुमचा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणबाधित गावांसाठीच्या) निधीत शिक्षण हा अग्रक्रमाचा विषय हाय. गाव खाणबाधित यादीत हाय का पाहा. आन गाव पेसात (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) असलं तर ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी असते, त्याच्यातून शिक्षणावर खर्च करता येते. ग्रामसभेत विषय घ्या. कंपनीच्या सीएसआरच्या (समाजकामाच्या पैशाच्या) मागं लागलं तर पुन्हा टीव्हीच येईन.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बदलीचं कलम काढलं. रिक्त पद, प्रतिनियुक्ती, रोजचा वाचनाचा तास आणि केंद्रप्रमुखांचे वीस दिवस (टपालाच्या आदेशासकट) या मागण्या आराखड्यात घालून ठराव घेते. वाचनाची यादी मॅडमच्या वहीत आहे, त्यांनी फोटो पाठवते म्हटलं.

पेसा निधीचं सरपंचांशी बोलले. ते तयार आहेत, पण ग्रामसेवक विचारतात कोणत्या बाबीखाली दाखवायचं. आम्हाला टीव्हीसारखी वस्तू नको, पोडावरची एक बारावी झालेली मुलगी मानधनावर हवी आहे. पहिलीतल्या पोरांशी ती कोलामीत बोलेल. गुरुजींना कोलामी येत नाही आणि पोरांना अजून मराठी समजत नाही, म्हणून ती दिवाळीपर्यंत गप्प बसतात आणि कापूस वेचणी लागली की येणंच बंद करतात. अशा मानधनाचा खर्च कोणत्या ग्रामपंचायतीनं केला असेल तर ठरावाचा मसुदा इथं टाका. गोंडी, कोरकू कोणत्याही भाषेसाठी केलेला असला तरी चालेल.