पुरवठादारांना प्रशिक्षण देऊनही कारखान्यात काही बदलत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका मोठ्या रिटेल कंपनीच्या सोर्सिंग विभागात आहे. गेली दोन वर्षं पुरवठादारांचं प्रशिक्षण माझ्याकडे आहे: आगीपासून सुरक्षितता, कामाचे तास, रसायनांची हाताळणी, पाणी-वीज आणि सर्टिफाइड कच्चा माल. आमचा मुख्य माल म्हणजे तयार कपडे. पोस्ट लांब होणार आहे, कारण नुसतं "प्रशिक्षण कसं द्यावं?" विचारलं तर उत्तरंही वरवरची मिळतील.

कागदावर सगळं उत्तम आहे. हजेरी भरपूर, शेवटच्या चाचणीत मार्क चांगले, सह्या आहेत, फोटो आहेत. तीन-चार महिन्यांनी कारखान्यात गेलं की मात्र आधी होतं तेच.

रंगाईच्या एका युनिटमध्ये आम्ही रसायनांच्या साठवणुकीवर अख्खा दिवस घेतला होता. पुन्हा गेले तेव्हा पेरॉक्साइडचे कॅन आणि हायड्रोसचे (सोडियम हायड्रोसल्फाइटचे) डबे एकाच रॅकवर, वर-खाली. एक ऑक्सिडायझर, दुसरं रिड्यूसिंग एजंट, म्हणजे एकत्र आले तर पेट घेऊ शकतात, शिवाय हायड्रोसला ओल लागली तरी ते तापतं. ही दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवा, असं सांगणारा आमचाच तक्ता त्या रॅकच्या मागच्या भिंतीवर होता. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ट्रेनिंगला ऑफिसमधले साहेब गेले होते. मी पाळीवर होतो." तक्त्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. आम्ही तो छापला ती त्यांची भाषाच नव्हती. मी तिथेच उभी राहून त्यांच्याबरोबर डबे हलवले, पण मनात धस्स झालं होतं.

दुसरा प्रसंग शिलाई विभागातला. सत्र संपल्यावर एक ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दोन तास बसवलंत, तेवढे पीस माझे गेले." त्या पीस रेटवर, म्हणजे शिवलेल्या नगांप्रमाणे मजुरीवर होत्या. म्हणजे आमच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यांच्या मजुरीतून निघाला होता, आणि हे आम्हाला कुणालाही सुचलं नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त खुपते. एका पुरवठादाराला आम्ही ओव्हरटाइमच्या मर्यादेबद्दल शिकवलं. त्याच हंगामात आमच्या मर्चंडायझिंग टीमने त्यांच्या लॅब डिपला (रंगाच्या नमुन्याला) मंजुरी द्यायला अकरा दिवस उशीर केला, नंतर साइज रेशो (कुठल्या मापाचे किती कपडे) बदलला, आणि शिपमेंटची तारीख तीच ठेवली. माणसं साप्ताहिक सुट्टीला कामावर आली. ऑडिटमध्ये दोष पुरवठादाराचा लागला, आणि सुधारणा आराखडा मागणारा मेल माझ्याच नावाने गेला.

वरिष्ठांचं म्हणणं, ऑडिट वाढवा. मला ते पटत नाही. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीच्या अली एंटरप्रायझेसला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं प्रमाणपत्र मिळालं होतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली. तिथल्या काही कारखान्यांचीही सामाजिक ऑडिट झालेली होती. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत जायला लावलं गेलं. "मी आत जाणार नाही" म्हणायची मुभा तिथे कुणाला होती? पुढे ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये झालेल्या अकॉर्ड या सुरक्षा करारामध्ये कामगारांच्या सुरक्षा समित्यांचं प्रशिक्षण आणि धोकादायक काम नाकारण्याचा हक्क या गोष्टी आल्या, त्या मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात.

तर जाणकारांनी सांगावं: प्रशिक्षण नेमकं कुणाला आणि कुठे द्यायचं? पीस रेटवाल्यांची भरपाई कुणी करायची? आणि आमच्याच बायरना (ऑर्डर देणाऱ्या खरेदी विभागातल्यांना) या विषयात कसं ओढायचं? तेही याच कंपनीचे, पण त्यांचं मूल्यमापन फक्त मार्जिन आणि वेळेवर डिलिव्हरी यांवर होतं. हजेरीऐवजी काय मोजायचं, हेही हवं आहे.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळलं आहे, म्हणजे तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. तुमचं निदान बरोबर आहे.

हॉलमधलं प्रशिक्षण बंद करा. पाळी सुरू होताना पंधरा-वीस मिनिटं, तिथेच, त्याच वस्तू हातात घेऊन. स्टोअरमध्ये आम्ही तक्ते काढून टाकले आणि ड्रमला रंगाची पट्टी, रॅकलाही त्याच रंगाची पट्टी लावली. लाल ड्रम निळ्या रॅकवर दिसला की सफाईवालाही बोलायचा. शिकवायला स्टोअरच्याच माणसाला उभं करा, बाहेरच्या तज्ज्ञाला नको. ज्याला दुसऱ्यांना समजावून सांगायचं असतं तो स्वतः आधी नीट समजून घेतो. सुपरवायझरला वगळू नका. त्याने मान डोलावल्याशिवाय लाइनवर काहीही टिकत नाही.

भरपाईचं सरळ आहे. मागच्या काही दिवसांच्या कमाईची सरासरी काढून प्रशिक्षणाचे तास भरून द्यायचे. पैसा कारखान्याने द्यायचा असेल तर तो ऑर्डरच्या कॉस्टिंगमध्ये वेगळी ओळ म्हणून दिसला पाहिजे. नाहीतर मालक सह्या घेतो आणि लोकांना मशीनवरच बसवतो. हे मी पाहिलं आहे.

आणखी एक विनंती. आमच्याकडे तीन ग्राहकांची तीन ऑडिट व्हायची आणि तिघांचे आग्रह वेगळे. एकाच्या म्हणण्याने अग्निशामक सिलिंडर वर टांगायचा, दुसऱ्याच्या म्हणण्याने खाली घ्यायचा. इतर खरेदीदारांचं ऑडिट ग्राह्य धरता येत असेल तर धरा. वाचलेले दिवस शिकवायला द्या.

प्रतिसाद २

मी खरेदीच्या बाजूला होते, म्हणून बायरबद्दल लिहिते. त्यांना नैतिकतेवर व्याख्यान देऊ नका, आकडे दाखवा. प्रत्येक ऑर्डरसाठी चार नोंदी ठेवा: मंजुरी ठरलेल्या तारखेच्या किती दिवस नंतर दिली, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाल्यावर किती बदल केले, अंदाज आणि प्रत्यक्ष ऑर्डर यांत किती फरक पडला, पैसे किती दिवसांनी दिले. त्याच आठवड्यांतले त्या कारखान्याचे ओव्हरटाइमचे तास शेजारी ठेवा. आमच्याकडे हा तक्ता पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. पुढच्या हंगामात मंजुरी उशिरा गेली की शिपमेंटची तारीख आपोआप तेवढीच पुढे जाईल, असा नियम झाला. तुमच्या सगळ्या प्रशिक्षणांपेक्षा हा एक नियम ओव्हरटाइम जास्त कमी करेल, असं माझं ठाम मत आहे.

पुरवठादाराला सुधारण्यात फायदा दिसला पाहिजे. पूमाने २०१६ मध्ये आयएफसी या जागतिक बँक गटातल्या संस्थेबरोबर योजना आणली, त्यात सामाजिक-पर्यावरणीय गुण चांगले असलेल्या पुरवठादारांना कमी व्याजात वित्तपुरवठा मिळतो. इतकं मोठं जमलं नाही तरी चांगलं काम करणाऱ्याला लवकर पेमेंट आणि पुढच्या हंगामाच्या ऑर्डरची हमी देता येते. उद्या ऑर्डर राहील की नाही हे माहीत नसताना सांडपाण्याच्या प्रकल्पात पैसा कोण घालेल?

मोजमाप म्हणाल तर किलो कापडामागे लागलेलं पाणी आणि वीज, किरकोळ अपघातांची नोंद, आणि कामगारांनी स्वतःहून केलेल्या तक्रारी. तक्रारी सुरुवातीला वाढतील. ती चांगली खूण आहे, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रंगाच्या पट्ट्यांचं काम पुढच्या भेटीतच त्या काकांना बरोबर घेऊन करते. चार नोंदींपैकी मंजुरीच्या तारखा आमच्या सिस्टीममध्ये आहेतच, फक्त ओव्हरटाइमच्या शेजारी त्या कुणी ठेवल्या नव्हत्या. मागच्या हंगामातल्या आठ ऑर्डरची माहिती आज काढायला बसले आहे. भरपाईची वेगळी ओळ कॉस्टिंग शीटमध्ये टाकायला फायनान्सची मंजुरी लागेल, त्यासाठी त्या ताईंचं वाक्य मी टिपणात जसंच्या तसं घातलं आहे.

एक प्रश्न मात्र राहिलाच. घाईच्या ऑर्डरला कारखाने भरतकाम आणि वॉशिंग बाहेर जॉबवर्कला देतात. ती युनिटं आमच्या यादीत नसतात, आणि परवानगीशिवाय काम बाहेर दिलं तर करार रद्द, असा आमचा नियम असल्याने कुणी सांगतही नाही. न घाबरता सांगता येईल अशी सोय कुणी केली आहे का? त्या नियमाचं तुम्ही काय केलंत?