अलास्कात माउंटन गोटच्या शिकारीसाठी पैसे साठवतोय, हिशोबात मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ११ वर्षं सिएटलला आहे. भारतात शिकारीवर १९७२ पासून कायद्याने बंदी, त्यामुळे बंदूक इथे येऊनच हातात घेतली. आतापर्यंत हरणाच्या पुढे गेलो नाही. आता कोडियाक बेटावरचा बोकड डोक्यात बसलाय.

अलास्कात बाहेरच्या माणसाला या शिकारीला परवानाधारक गाइड लागतोच, नाहीतर तिथे राहणारा जवळचा नातेवाईक. आमचा सख्खा भाऊ पुण्यात, काय उपयोग! मला आलेले गाइडचे दर १४ हजार डॉलरच्या आसपास आहेत. महिना ४०० बाजूला टाकतोय, म्हणजे तीन वर्षं. बायकोला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

गाइडखेरीज खरा खर्च किती धरू? परवाना, टॅग (मारलेल्या जनावराला लावायची, वेगळी विकत घ्यावी लागणारी खूणपट्टी), छोटं विमान, टीप आणि धुक्यात विमान अडकलं तर जादा मुक्काम. मांस घरी आणायला किती पडतात?

आणखी एक. मादी टाळायची म्हणतात, पण शिंगं दोघांनाही. नराची बुडाशी जाड असतात हे वाचलंय, दुर्बिणीतून लांबून तुम्ही कसं ओळखता?

सराव म्हणून पाठीवर ९ किलो तांदळाची पिशवी घेऊन जिने चढतोय. गुडघे आत्ताच बोलायला लागलेत.