मदत हवी आहे: पीसीवरून एचडीआर पिक्चर फिकट दिसतोय

नमस्कार मंडळी,

हॉलमधल्या ४के टीव्हीला छोटा पीसी जोडलाय, विंडोज ११ आणि त्यावर कोडी हा व्हिडिओ प्लेअर. साधे पिक्चर झकास चालतात. एचडीआर१० ची (जास्त उजेड-अंधार आणि रंग दाखवणाऱ्या प्रकारातली) फाइल लावली की मात्र रंग उडालेले: लालभडक साडी गुलाबी, रात्रीचं आभाळ राखाडी. तीच फाइल पेनड्राइव्हवरून थेट टीव्हीत लावली तर दृष्ट लागावी असं चित्र! म्हणजे फाइल आणि पॅनेल ठीक, घोळ पीसीकडेच आहे.

विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं की टीव्हीवर एचडीआरची पाटी येते, तरी चित्र फिकटच. एचडीएमआय २.० आहे, त्यामुळे ४के ६० हर्ट्झला १० बिट आरजीबी (रंगांच्या जास्त छटांचा सिग्नल) मावत नाही, हे ठाऊक आहे. म्हणून २४ हर्ट्झवर आणलं. १० बिट दिसू लागलं, रंग जैसे थे. टीव्हीच्या त्या पोर्टचं एन्हान्स्ड सेटिंगही चालू आहे. केबल बदलून झालीये, तेव्हा कृपया 'महागातली घे' सांगू नका.

मला दोन शंका आहेत. पीसी लिमिटेड रेंज (काळ्या-पांढऱ्याचा आखूड पट्टा) पाठवतोय आणि टीव्ही ती फुल रेंज समजतोय का? काळा राखाडी होतो तो त्यानेच असावा, पण रंगांचं काय? की प्लेअर आधीच एसडीआर (साधं, एचडीआर नसलेलं) करून चित्र पुढे ढकलतोय? हे नेमकं तपासायचं कुठे?

विंडोजऐवजी लिब्रईएलईसी (फक्त कोडी चालवण्यापुरती लिनक्स) टाकायलाही तयार आहे. इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सवर कोणी एचडीआर चालवतंय का? सेटिंगचा फोटो टाकलात तर फार बरं होईल.