निकोडेमस : रेल्वे चुकली, तरी गाव टिकले
अमेरिकेतील कॅन्सस राज्यातले निकोडेमस हे गाव रेल्वे न आल्यामुळे संपले, हे विधान मला अपुरे वाटते. १८७७ साली मुख्यतः केंटकीतून आलेल्या, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी उघड्या माळावर जमिनीत खोदलेल्या घरांत पहिला हिवाळा काढला, आणि त्या दिवसांत ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या शिकाऱ्यांनी दिलेल्या अन्नाचा त्यांना आधार झाला. १८८८ मध्ये रेल्वेमार्ग गावाला टाळून सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेला व व्यापारी रेल्वेलगतच्या बोग या गावी निघून गेले, हे खरेच. परंतु काही शेतकरी कुटुंबे मागे राहिली. नगरपालिका नसलेल्या या वस्तीत विखुरलेले वंशज आजही दरवर्षी जुलैअखेरीस जमतात, आणि १९९६ मध्ये मिळालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या दर्जामागे (माझ्या मते रेल्वेपेक्षा हेच महत्त्वाचे) त्या वंशजांचा पाठपुरावा होता.